पेशीपटलात प्रथिने कोठे बसतात? : एका प्रश्नाची वाटचाल (१९२५ ते २०१७)

प्रस्तावना

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाने एक आकृती फळ्यावर अनेकदा काढलेली असते. गोल डोकी बाहेरच्या बाजूस, दुहेरी शेपट्या आत, अशा मेदरेणूंच्या दोन रांगा. आणि त्या रांगांत, हात जाईल तेथे, रंगीत खडूने काढलेली प्रथिने. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेले हे द्रव-मोझेक प्रारूप होय. आकृती चुकीची नाही. तथापि 'हात जाईल तेथे' या तीन शब्दांत एक मोठा प्रश्न दडपला जातो. कोणते प्रथिन पटलाच्या कोणत्या भागात बसते, आणि ते तेथेच का बसते?

हा प्रश्न गौण नाही. संदेश ग्रहण करणारे प्रथिन आणि तो पुढे नेणारे प्रथिन एकमेकांच्या शेजारी आले तरच संदेश पोहोचतो. विषाणूचे कवच, जीवाणूचे विष, प्रतिजैविक पेप्टाइड यांना पटलावर आपली जागा शोधावी लागते. म्हणजे पटलातील वाटप हा पेशीच्या कारभाराचाच प्रश्न आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. हा इतिहास पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते. प्रत्येक पिढीला पटल कसे दिसले हे त्या पिढीने ते कोणत्या साधनाने पाहिले यावर अवलंबून होते, आणि पुष्कळदा साधनानेच पटलात नसलेली रचना निर्माण केली. या गुंत्यातून वाट काढण्याच्या कामात मुंबई-पुण्याच्या संस्थांचा आणि येथे शिकून गेलेल्या वैज्ञानिकांचा वाटा लक्षणीय आहे. पदवीच्या वर्गात मात्र तो क्वचितच सांगितला जातो.

तूप आणि तेल

'प्रावस्था' हा शब्द विद्यार्थ्यांना अवघड वाटतो. वस्तू मात्र त्यांच्या घरातील आहे. पौष महिन्यात तुपाचा डबा उघडला तर तूप थिजलेले असते. शेजारच्या बरणीतील करडईचे तेल मात्र तसेच पातळ असते. तुपात संपृक्त मेदाम्ले अधिक. त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात. करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्लांचे प्राबल्य. त्यांच्या साखळ्यांना मध्येच बाक असल्याने दाटीने बसणे जमत नाही. पेशीपटलातील मेदरेणूंनाही हाच नियम लागू पडतो. दोन्ही साखळ्या संपृक्त असणारा डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन हा रेणू पाण्यातील द्विस्तरात सुमारे ४१ अंश सेल्सिअसला वितळतो; दोन्ही साखळ्यांत एकेक बाक असणारा त्याचा डायओलिऑइल भाऊबंद शून्याखाली सुमारे १७ अंशांपर्यंत द्रवच राहतो. १९६० च्या दशकात डेनिस चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णतामापनाने हे स्थित्यंतर अभ्यासले.

परंतु पेशीपटल म्हणजे तूपही नव्हे आणि तेलही नव्हे. त्यात तिसरा भिडू असतो, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. हा ताठ, चपटा रेणू संपृक्त साखळ्यांमध्ये शिरला की त्यांना पूर्ण थिजू देत नाही आणि पूर्ण सैलही होऊ देत नाही. साखळ्या ताठ राहतात, पण रेणू इकडून तिकडे सरकत राहतात. या विलक्षण स्थितीला १९८७ मध्ये डेन्मार्कमधील इप्सेन, माउरिट्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सुव्यवस्थित द्रव' असे नाव दिले. असंपृक्त मेदांचा सैल भाग तो 'अव्यवस्थित द्रव'. एकाच पटलात या दोन प्रावस्था शेजारी-शेजारी नांदू शकतात. मग प्रथिने कोणत्या प्रावस्थेत जातील? येथून आपल्या प्रश्नाला नेमके रूप प्राप्त होते.

द्विस्तरापासून मोझेकपर्यंत

थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १९२५ मध्ये लायडेन येथील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींचे मेद ॲसिटोनने काढले, ते पाण्यावर एकस्तर पसरविले आणि व्यापलेले क्षेत्र मोजले. ते पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन थर असले पाहिजेत. हा निष्कर्ष आजही खरा आहे, पण त्यामागच्या मोजमापात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सारे मेद निघाले नव्हते आणि वाळविलेल्या पेशींवरून काढलेले पृष्ठफळही कमी भरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकले. १९६६ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा हे स्पष्ट झाले. योग्य उत्तर अयोग्य रीतीने मिळाल्याचे हे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, आणि पुढच्या कथेची ती नांदीही आहे.

गॉर्टर-ग्रेंडेल यांच्या चित्रात प्रथिने नव्हतीच. १९३५ मध्ये डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी ती आणली, पण पोळीला दोन्ही बाजूंनी तूप लावावे तशी द्विस्तराच्या पृष्ठभागावर पसरवून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या दोन गडद रेघा आणि मधली फिकी पट्टी यांमुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्टसन यांनी या रचनेला सार्वत्रिक मानले. येथे वाटपाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रथिनांचा सलग लेप असेल तर कोण कोठे हे विचारायचे कशाला?

हा लेप मोडला तो १९७० मध्ये. फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी यांचा संयोग घडविला व दोहोंच्या पृष्ठप्रथिनांना हिरव्या आणि तांबड्या रंगाच्या प्रतिपिंडांनी खूण केली. आरंभी अर्धी पेशी हिरवी, अर्धी तांबडी. ३७ अंशांवर ४० मिनिटांत दोन्ही रंग मिसळून गेले. थंडीत ठेवलेल्या पेशींत मात्र मिसळले नाहीत. प्रथिने पटलात तरंगतात, सरकतात. या प्रयोगाचा आधार घेऊन दोन वर्षांनी सिंगर-निकोल्सन यांचे प्रारूप आले. त्या दोघांनी स्वतः अल्प अंतरावर काही सुव्यवस्था असू शकेल अशी मुभा ठेवली होती. मूळ निबंधातील ही सावध मुभा पाठ्यपुस्तकांत येईपर्यंत गळून पडली आणि 'मुक्तपणे तरंगणारी प्रथिने' तेवढी उरली. क्रमिक पुस्तकांत अटी-शर्तींना जागा कमी पडते, हा अनुभव आपणा सर्वांनाच आहे.

याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गिरिजेश गोविल, रत्ना फडके आणि त्यांचे सहकारी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने फॉस्फोलिपिड द्विस्तरांचा अभ्यास करीत होते. औषधाचा रेणू द्विस्तरात डोक्यांजवळ थांबतो की शेपट्यांपर्यंत उतरतो, त्याने साखळ्यांची हालचाल वाढते की मंदावते, अशा प्रकारचे ते प्रश्न होते. 'पटलात कोण कोठे बसते' हा प्रश्न महाराष्ट्रात असा लहान रेणूंच्या निमित्ताने विचारला गेला. या पद्धतीचा गुण म्हणजे तीत पटल फोडावे लागत नसे.

थंड साबण आणि तराफे

१९९२ मध्ये डेबोरा ब्राउन आणि जॉन रोझ यांनी केलेला प्रयोग वरकरणी अगदी साधा होता. पेशी ४ अंशांपर्यंत थंड करायच्या, त्यावर ट्रायटन एक्स-१०० हे अपमार्जक घालायचे, आणि काय विरघळते व काय उरते ते पाहायचे. बहुतेक पटल विरघळले. उरलेल्या भागात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडे भरपूर होती आणि त्यांच्यासोबत एका विशिष्ट वर्गाची प्रथिने होती. ही प्रथिने पटलाच्या आरपार जात नाहीत; ग्लायकोसिल-फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल नावाच्या मेदमय नांगराने ती बाहेरच्या थरात अडकलेली असतात. पुढे त्यांना 'नांगरधारी प्रथिने' म्हटले आहे. त्यांच्या नांगराच्या साखळ्या बहुधा संपृक्त असतात. तेव्हा ती तुपाच्या बाजूस जाणार, तेलाच्या नव्हे, हा तर्क सहज सुचणारा होता.

१९९७ मध्ये कै सिमोन्स आणि एलिना इकोनेन यांनी या निरीक्षणाला सिद्धांताचे रूप दिले. पटलाच्या सैल द्रवात सुव्यवस्थित द्रवाचे तराफे तरंगतात, काही प्रथिने त्यांवर चढतात, काहींना तेथे प्रवेश नसतो, आणि संदेशवहन व वाहतूक या तराफ्यांवरून चालते. 'लिपिड राफ्ट' हा शब्द रूढ झाला. त्यानंतर शेकडो प्रथिनांची परीक्षा याच थंड अपमार्जकाने होऊ लागली. न विरघळले ते राफ्टमधील, विरघळले ते बाहेरील.

तराफा या शब्दानेही थोडी दिशाभूल केली असे प्रस्तुत लेखकास वाटते. भीमेच्या किंवा घोडच्या पात्रात तराफा सोडला तर तो निदान पैलतीरापर्यंत तराफाच राहतो. पटलातील या क्षेत्रांना तसे आयुष्य असल्याचा कोणताही पुरावा तेव्हा नव्हता. जिवंत पेशीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर तराफे दिसतही नव्हते.

शंका घेणारे होतेच. २००२ मध्ये हाइको हीरक्लोट्झ यांनी दाखवून दिले की ट्रायटन हे अपमार्जक मेदांच्या मिश्रणात स्वतःच सुव्यवस्थित क्षेत्रे निर्माण होण्यास उत्तेजन देते. वर ४ अंशांची थंडी आहेच. जे तूप ३७ अंशांना पातळ असते ते शीतकपाटात ठेवून 'पाहा, यात गोळे आहेत' असे म्हणण्यासारखाच हा प्रकार. २००३ मध्ये शॉन मन्रो यांनी 'सेल' या नियतकालिकात, राफ्ट केवळ हाती न येणारे आहेत की मुळात आभासच आहेत, असा प्रश्न शीर्षकातच विचारला.

येथे एक आकडेमोड उपयुक्त ठरेल. ती रसायनशास्त्राच्या कोणत्याही पदवी विद्यार्थ्यास करता येते. एखादे प्रथिन सुव्यवस्थित प्रावस्थेत दुप्पट प्रमाणात आढळते, म्हणजे त्याचा वितरण गुणांक २ आहे, असे मानू. खोलीच्या तापमानास दोन प्रावस्थांतील मुक्त ऊर्जेचा फरक होतो प्रतिमोल सुमारे १.७ किलोज्यूल. एका हायड्रोजन बंधाच्या ऊर्जेचा हा लहानसा अंश आहे. पेशीच्या दृष्टीने दुप्पट प्रमाण ही मोठी गोष्ट असेल. पण इतका अल्प फरक तापमान, अपमार्जक, खुणेसाठी जोडलेला रंगद्रव्याचा रेणू यांपैकी कशानेही उलटा होऊ शकतो. निरीक्षकाची ढवळाढवळ मोजावयाच्या राशीपेक्षा मोठी ठरते. राफ्टविषयीचा सारा वाद या एका आकड्यात सामावलेला आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

न फोडता पाहणे : १९९८

पटल न फोडता, न गोठविता, जिवंत पेशीवर हा प्रश्न विचारण्याची युक्ती बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून आली. हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग. युक्ती योजणारे सत्यजित मेयर यांचे रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते भारतात परतले. त्यांचे विद्यार्थी रजत वर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

युक्ती अशी. नांगरधारी असलेल्या फोलेट ग्राही प्रथिनावर फॉलिक आम्लाचे अनुदीप्त रूप बसवायचे आणि त्यावर ध्रुवित प्रकाश टाकायचा. रेणू एकटा असेल तर त्याने परत सोडलेला प्रकाशही बव्हंशी त्याच दिशेने ध्रुवित राहतो. परंतु काही नॅनोमीटरच्या आत तशाच दुसऱ्या रेणूचा शेजार असेल तर ऊर्जा त्या शेजाऱ्याकडे जाते. शेजाऱ्याचा कल निराळा, त्यामुळे ध्रुवणाची मात्रा घटते. ध्रुवणाची घट म्हणजे शेजाराचे माप.

खरी चतुराई पुढच्या टप्प्यात आहे. ही घट केवळ दाटीमुळेही होऊ शकते. बाजाराच्या दिवशी दोन माणसे शेजारी-शेजारी दिसली म्हणून ती एकत्र आली आहेत असे ठरत नाही. गर्दीच तेवढी असते. म्हणून वर्मा आणि मेयर यांनी कमी प्रथिने असलेल्या पेशींपासून भरपूर प्रथिने असलेल्या पेशींपर्यंत मापन केले. प्रथिने विखुरलेली असतील तर दाटी वाढेल तसे ध्रुवण घटत जायला हवे. नांगरधारी प्रथिनांत ते घटले नाही. दाटी कितीही असो, शेजार तेवढाच. याचा अर्थ ती मुळातच लहान घोळक्यांत राहतात. त्याच ग्राहीला नांगराऐवजी पटलाच्या आरपार जाणारा खंड जोडला तर मात्र ध्रुवण दाटीनुसार बदलू लागले. आणि पेशीतील कोलेस्टेरॉल कमी केले की नांगरधारी प्रथिनांचे घोळकेही मोडले. क्षेत्रांचा आकार ७० नॅनोमीटरपेक्षा लहान असल्याचे त्यांनी अनुमानिले. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. तराफे का दिसत नव्हते याचे उत्तर येथे मिळाले.

'नेचर'च्या त्याच अंकात फ्रीड्रिखसन आणि कुर्झचालिया यांनी रासायनिक बंधांनी शेजारी प्रथिने जोडून तसाच निष्कर्ष काढला होता. मात्र त्याच वर्षी केनवर्दी आणि एडिडिन यांनी, होय, १९७० च्या प्रयोगातील त्याच एडिडिन यांनी, दोन भिन्न रंगांमधील ऊर्जावहन मोजून असे घोळके आढळत नसल्याचे प्रसिद्ध केले. परस्परविरोधी दोन निष्कर्ष, आणि दोन्हीकडे काळजीपूर्वक केलेले काम.

या विरोधाचा निरास २००४ मध्ये झाला. प्रणव शर्मा, वर्मा, मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की नांगरधारी प्रथिनांपैकी केवळ २० ते ४० टक्के घोळक्यांत असतात, उर्वरित एकेकटी. आणि घोळका म्हणजे जेमतेम चार रेणूंपर्यंत, काही नॅनोमीटरचा. दोन रंगांच्या पद्धतीला इतके लहान आणि इतके विरळ घोळके टिपणे कठीणच होते. तराफ्याची कल्पना करणाऱ्यांना हे चित्र अनपेक्षित होते. एवढ्याशा पुंजक्याला प्रावस्था म्हणावे तरी कसे? तूप थिजले असे म्हणण्यासाठी चार रेणू पुरत नाहीत.

पुढील अकरा वर्षांत या गटाने, भौतिकशास्त्रज्ञ मदन राव यांच्या सहकार्याने, उत्तराची दिशाच बदलली. २००८ आणि २०१२ च्या निबंधांत त्यांनी मांडले की हे घोळके केवळ मेदांच्या आपसांतील ओढीने बनत नाहीत. पटलाखालील ॲक्टिन तंतूंची ऊर्जा खर्च करून चालणारी हालचाल त्यांना घडविते आणि मोडते. पण ॲक्टिन आत आणि प्रथिन बाहेरच्या थरात, मधे द्विस्तर. मग पकड बसते कशी? २०१५ मध्ये उत्तर आले. आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदाच्या लांब संपृक्त साखळ्या बाहेरच्या नांगराच्या लांब साखळ्यांशी द्विस्तराच्या मध्यात गुंततात. कोलेस्टेरॉल ती गुंतवण सावरते. म्हणजे प्रावस्थेची प्रवृत्ती मेदांत आहे, पण ती केव्हा आणि कोठे प्रकट व्हायची हे पेशी ठरविते. १९७२ चे मुक्त तरंगणे आणि १९९७ चे आपोआप बनणारे तराफे, या दोन्हींपेक्षा हे चित्र वेगळे आहे. मेयर यांना २००३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आरपार जाणाऱ्या खंडांचे कोडे

आतापर्यंतची चर्चा नांगरधारी प्रथिनांची झाली. पटलाच्या आरपार जाणाऱ्या प्रथिनांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांचा अभ्यास बऱ्याच प्रमाणात कृत्रिम पेप्टाइडांवर झाला. उट्रेख्ट येथील अँटोनेट किलियन यांच्या गटाने ल्यूसीन आणि ॲलानीन यांची आलटून-पालटून साखळी, दोन्ही टोकांना ट्रिप्टोफॅन, अशी पेप्टाइडे वापरली. सुव्यवस्थित प्रावस्था जाड असते, तेव्हा लांब पेप्टाइड तिच्यात बसेल. पामिटिक आम्लाची संपृक्त शेपटी जोडली तर आणखी सहज बसेल, अशी अपेक्षा होती. २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार यांपैकी काहीच घडले नाही. पेप्टाइडे सैल प्रावस्थेतच राहिली. २०११ मध्ये ग्रोनिंगेन येथील मारिंक यांच्या गटाने संगणकीय प्रतिरूपणाने कारण दाखविले. दाटीने बसलेल्या संपृक्त साखळ्यांत खडबडीत पृष्ठभागाचा सर्पिल खंड शिरला की साखळ्यांची रचना विस्कटते, आणि त्याची ऊर्जेतील किंमत लांबीच्या जुळणीने भरून निघत नाही.

तेव्हा आरपार प्रथिनांना तराफ्यावर जागा नाही, असे ठरले का? नाही. २००७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात बाउमगार्ट व सहकाऱ्यांनी जिवंत पेशींपासून फुग्यासारख्या पुटिका काढल्या. त्यांत मूळ पटलाचे मेद आणि प्रथिने दोन्ही राहतात. थंड केल्यावर या पुटिकांत दोन प्रावस्था डोळ्यांना दिसण्याइतक्या वेगळ्या होतात. अशा पुटिकांत मात्र काही आरपार प्रथिने सुव्यवस्थित भागात गेली. २०१० मध्ये इल्या लेव्हेंटाल, सिमोन्स व सहकाऱ्यांनी दाखविले की त्यांतील बहुसंख्यांच्या बाबतीत पामिटिक शेपटी निर्णायक ठरते. ती काढली की प्रथिन सैल भागात परतते. २०१७ मध्ये लेव्हेंटाल यांच्याच गटाने तीन घटकांचा मेळ घातला: आरपार खंडाची लांबी, त्याच्या पृष्ठभागाचा आकारमानाने सडपातळपणा, आणि पामिटिक शेपट्या.

एका पद्धतीत शेपटी निरुपयोगी, दुसरीत निर्णायक. हा विरोध कसा समजावा? प्रयोगशाळेत तीन शुद्ध मेदांपासून बनविलेल्या पटलात दोन प्रावस्थांतील दाटीचा फरक फार तीव्र असतो. पेशीपासून काढलेल्या पटलात तो सौम्य असतो. २००९ मध्ये सिमोन्स यांच्या गटाने हे प्रत्यक्ष मोजले. तीव्र भेद असलेल्या गावात पाहुण्याला वेशीवरच अडवितात, सौम्य भेदाच्या गावात ओळखीच्या चिठ्ठीवर प्रवेश मिळतो. पामिटिक शेपटी ही ती चिठ्ठी. वितरण गुणांक हा म्हणून एकट्या प्रथिनाचा गुणधर्म नव्हे. तो प्रथिन आणि दोन्ही प्रावस्था अशा तिघांचा आहे. कोष्टकात आकडा देताना कोणत्या पटलात मोजला हे न सांगणे म्हणजे विद्राव्यता सांगताना द्रावक न सांगण्यासारखे आहे.

पुण्यातील काम

शिरूरहून किंवा दौंडहून दीड-दोन तासांत पोहोचता येईल अशा अंतरावर या प्रश्नावर दोन ठिकाणी महत्त्वाचे काम झाले आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दुर्बा सेनगुप्ता यांनी पटलप्रथिनांचे संगणकीय प्रतिरूपण केले. मारिंक यांच्या गटात त्यांनी पूर्वी काम केले होते. सुमारे चार अणूंचा मिळून एक मणी मानण्याची तेथील पद्धत त्यांनी ग्राही प्रथिनांना लावली. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील अमिताभ चट्टोपाध्याय यांच्यासह २०१२ मध्ये त्यांनी सेरोटोनिन ग्राहीवर कोलेस्टेरॉल नेमके कोठे रेंगाळते हे दाखविले. २०१४ च्या निबंधात ॲड्रिनर्जिक ग्राहीचे दोन रेणू एकमेकांना कोणत्या अंगाने भिडतात हे कोलेस्टेरॉलमुळे बदलते असे आढळले. येथे प्रश्न थोडा उलटा झाला आहे. प्रथिन मेदांत आपली जागा शोधते, तसेच मेदही प्रथिनावर आपली जागा शोधतात.

भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची पुण्यातील शाखा २००६ मध्ये सुरू झाली. तेथे थॉमस पुकाडिल यांनी काचेवर पसरविलेल्या द्विस्तरापासून नॅनोमीटर जाडीच्या मेदनळ्या ओढण्याची सोपी पद्धत विकसित केली. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने या नळ्यांवर डायनामिन प्रथिन बसताना आणि नळी तोडताना प्रत्यक्ष पाहिले. वाटप केवळ प्रावस्थेवर नव्हे तर पटलाच्या वक्रतेवरही अवलंबून असते, हा मुद्दा त्या प्रयोगांतून डोळ्यांसमोर येतो. वक्रतेचा विषय स्वतंत्र निबंधाचा आहे. येथे केवळ निर्देश केला आहे.

दुधातील पटल

शेवटी आपल्याच परिसरातील एका पटलाकडे वळू. शिरूर आणि दौंड तालुक्यांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रांवर किटल्यांची रांग लागते आणि फॅटच्या आकड्यावर शेतकऱ्याचा दर ठरतो. हे फॅट दुधात सुट्या थेंबांच्या रूपाने नसते. सरासरी चारेक मायक्रोमीटर व्यासाची प्रत्येक मेदगोली तीन थरांच्या पटलात गुंडाळलेली असते. आतला एकस्तर पेशीच्या अंतर्भागातून आलेला असतो. बाहेरचा द्विस्तर मात्र गाई-म्हशीच्या कासेतील स्रावक पेशीचे प्रत्यक्ष पेशीपटल असते. गोली पेशीतून बाहेर पडताना ते अंगावर पांघरून येते. अपमार्जक नाही, फोडाफोडी नाही; पेशी स्वतःच आपल्या पटलाचा तुकडा आपल्या हाती देते.

२०१० मध्ये फ्रान्समधील क्रिस्टेल लोपेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या दुधातील या गोल्या अनुदीप्त रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. सैल प्रावस्थेतच शिरणारा रंग वापरला तेव्हा उजळ गोलीवर काळ्या, गोल चकत्या दिसल्या. स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल यांची ती सुव्यवस्थित क्षेत्रे होती. शर्करायुक्त प्रथिनांना खूण करणारा दुसरा रंग घातला तर तोही या चकत्यांत शिरला नाही. प्रथिने सभोवतालच्या सैल भागात होती. शतकभराचा प्रश्न येथे एका गोलीवर चित्रित झालेला दिसतो. अर्थात हे निरीक्षण पेशीतून बाहेर पडलेल्या आणि निवलेल्या पटलाचे आहे. कासेतील ३८-३९ अंशांच्या उष्णतेत, ॲक्टिनच्या ओढाताणीत, त्याच पटलाचे वाटप असेच असेल असे त्यावरून म्हणता येत नाही, हे विद्यार्थ्यांना त्याच तासाला सांगितले पाहिजे.

हे प्रात्यक्षिक करावयाचे झाल्यास अनुदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो प्रत्येक महाविद्यालयात नसतो. पुण्यातील संस्थांशी सहकार्य करून एखाद्या दिवसापुरती ती सोय होऊ शकेल. नमुना मात्र इथलाच न्यावा लागेल, आणि तो पिशवीतील एकजीव केलेल्या दुधाचा असून चालणार नाही. त्या प्रक्रियेत गोल्या दाबाखाली फुटतात, नव्या लहान गोल्यांभोवती मूळ पटलाऐवजी बऱ्याच अंशी केसीन प्रथिनाचे आवरण बसते, आणि पाहावयाचे तेच नाहीसे होते. संकलन केंद्रावर नुकतेच आलेले, न तापविलेले दूध घ्यावे. गोली फुटू नये म्हणून ते ढवळू नये आणि गोठवूही नये.